सूक्ष्मदर्शकाला हात न लावता शरीरातल्या २१ ऊती ओळखल्या आणि तिशीतच गेला: झाविए बिशाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामवर एका सर्जरीची जोरात चर्चा होती. ‘बकल फॅट रिमूव्हल’. गालाच्या आत चरबीचा एक गोळा असतो, तो काढून टाकायचा, की गाल आत जातात आणि चेहरा एकदम टोकदार दिसतो. हॉलिवूडच्या कुठल्या नटीने ही सर्जरी केली आणि कुठल्या नटीने नाही, यावर हजारो रील्स झाले. ब्राझील आणि स्पेनमध्ये याच सर्जरीला ‘बिचेक्टॉमी’ म्हणतात.

आता हे ‘बिचे’ काय प्रकरण आहे?

तर ते एका माणसाचं आडनाव आहे. बिशा. पूर्ण नाव मारी फ्रान्स्वा झाविए बिशा. गालातल्या त्या गोळ्याला फ्रेंच लोक आजही बिशाचा गोळा म्हणतात. पण बिशाने काही गाल बारीक करायचं दुकान काढलं नव्हतं. त्याने फक्त एवढंच सांगितलं होतं की ही गाठ म्हणजे ग्रंथी नाही, ही चरबी आहे. त्याच्याआधी १७३२ मध्ये लोरेंझ हाइस्टर नावाच्या जर्मन सर्जनने हा गोळा पाहिला होता, पण त्याला वाटलं की ही लाळेसारखं काहीतरी तयार करणारी ग्रंथी असावी.

ग्रंथी की चरबी? वरवर पाहिलं तर किरकोळ फरक. पण शरीरात नेमकं कुठलं कापड कुठे वापरलंय हे ओळखणं, ही बिशाच्या पूर्ण आयुष्याची गोष्ट आहे. आज तुमच्या घरात कुणाची बायोप्सी झाली आणि रिपोर्टवर ‘टिश्यू’ हा शब्द आला, तर त्यामागे हा माणूस उभा आहे. आणि हे सगळं करून तो गेला तेव्हा त्याचं वय होतं ३० वर्षं.

डॉक्टरचा मुलगा, क्रांतीचे दिवस

बिशाचा जन्म नोव्हेंबर १७७१ मधला. फ्रान्सच्या पूर्वेकडे ज्युरा नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथलं त्वारेत हे छोटं गाव. वडील डॉक्टर होते, माँपेलिएच्या विद्यापीठात शिकलेले. घरात शरीराविषयी बोलणं लहानपणापासून कानावर पडत होतं. पोरगा आधी नांतुआला आणि मग ल्योंला शिकायला गेला. गणित आणि भौतिकशास्त्रात त्याची गती चांगली होती. पण शेवटी तो वळला वडिलांच्याच वाटेने. ल्योंच्या मोठ्या रुग्णालयात मार्क-आंत्वान पती नावाचे सर्जन होते, त्यांच्या हाताखाली तो शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकू लागला.

तेव्हा फ्रेंच राज्यक्रांती सुरू होती.

१७९३ मध्ये ल्यों शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केलं. सरकारी फौजांनी शहराला वेढा घातला आणि शहर पडल्यावर शेकडो लोकांना मारलं. त्या धामधुमीत बिशाने सैन्यात सर्जन म्हणूनही काम केलं आणि नंतर तो पॅरिसला पोचला. वय २२ च्या आसपास. ओळख नाही, पैसा नाही, आणि शहरात गिलोटिन रोज चालू.

पॅरिसमध्ये त्याने गाठलं पिएर जोझेफ देसो यांना. देसो म्हणजे त्या काळचे फ्रान्समधले सगळ्यात नावाजलेले सर्जन. ‘ओतेल-दिय’ या पॅरिसच्या जुन्या रुग्णालयात ते शिकवायचे. त्यांच्या वर्गाची एक पद्धत होती. आज जे शिकवलं, त्याचा सारांश उद्या एका विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर सांगायचा. एक दिवस ज्याची पाळी होती तो विद्यार्थी आलाच नाही. कुणी तयार आहे का, असं विचारल्यावर मागून बिशा उठला.

तो बोलून खाली बसला तेव्हा वर्गात शांतता होती. मुद्दे बरोबर होतेच, पण मांडणी इतकी स्वच्छ होती की ते ऐकून देसोंनाही या पोराची नोंद घ्यावी लागली. त्यांनी त्याला आपल्या घरी राहायला आणलं आणि पुढे मुलासारखं वागवलं. पेशंट बघणं, ऑपरेशनला मदत करणं, पत्रव्यवहार, जुन्या लेखकांची पुस्तकं धुंडाळणं, सगळ्यात बिशा त्यांच्यासोबत असायचा.

हे सुख जेमतेम टिकलं. गिलोटिनवर गेलेल्या सोळाव्या लुईचा लहान मुलगा तेव्हा कैदेत होता आणि आजारी होता. सरकारने त्याला तपासायला देसोंना पाठवलं. १ जून १७९५ ला देसो अचानक वारले. आठवड्याभरात, ८ जूनला, तो मुलगाही गेला. साहजिकच पॅरिसभर विषप्रयोगाच्या अफवा उठल्या.

बिशा २३ वर्षांचा होता. त्याने गुरूचं अर्धवट राहिलेलं सर्जरीचं नियतकालिक पूर्ण केलं, त्यात गुरूचं चरित्र लिहिलं, त्यांचे बाकीचे लेख छापून आणले. आणि देसोंच्या विधवा पत्नीचं घर त्याने सोडलं नाही. शेवटपर्यंत तो त्याच घरात राहिला.

टिश्यू म्हणजे मुळात कापडच

आता मुख्य विषयाकडे येऊ.

त्या काळात डॉक्टर शरीराकडे कसं बघायचे? अवयवांच्या हिशोबाने. हृदय, फुप्फुस, यकृत, आतडी. १७६१ मध्ये इटलीच्या मोर्गान्यी यांनी शेकडो शवविच्छेदनं मांडून दाखवलं होतं की आजार शरीरातल्या विशिष्ट अवयवात बसलेला असतो. हे मोठंच पाऊल होतं. पण बिशाला यात एक गोष्ट खटकत होती.

समजा हृदयाला सूज आली. म्हणजे नेमकं कशाला? हृदयाच्या बाहेर एक पातळ ओलसर पिशवी आहे. मधे स्नायू आहे. आत एक गुळगुळीत अस्तर आहे. कधी फक्त पिशवी सुजते आणि स्नायू ठणठणीत असतो. मग आजार ‘हृदयाचा’ म्हणून कसं चालेल?

आणि याची दुसरी बाजू अजून भारी आहे. फुप्फुसावरचं आवरण आणि पोटातल्या आतड्यांवरचं आवरण हे दोन वेगळ्या अवयवांचे भाग. पण दोन्ही हातात घेऊन पाहिलं तर सारखेच, पातळ, चकचकीत, ओलसर. आणि त्यांना होणारे आजारही एकसारखे. पाणी साठणं, चिकटणं, सूज येणं.

म्हणजे अवयव वेगळे, कापड तेच. आणि अवयव एक, पण त्यात कापडं अनेक.

या विचाराची ठिणगी त्याला मिळाली होती फिलिप पिनेल यांच्या १७९८ च्या पुस्तकातून. पिनेल यांनी दाहाच्या आजारांची वर्गवारी कुठल्या प्रकारच्या आवरणाला सूज आली यावरून केली होती. बिशाने तो धागा पकडला आणि संपूर्ण शरीरभर ओढत नेला.

कापड हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. फ्रेंचमध्ये ‘तिस्यु’ म्हणजे विणलेलं कापड. इंग्रजीतलं टिश्यू तिथूनच आलं. आपण मराठीत ‘ऊती’ म्हणतो, त्या शब्दाचं मूळही संस्कृतमधल्या विणण्याच्या धातूतच आहे. ‘ओतप्रोत’ या शब्दातलं ‘ओत’ त्याच कुळातलं, उभं-आडवं विणलेलं.

मायक्रोस्कोप नको, मग ओळखायचं कसं?

इथे या गोष्टीतला सगळ्यात मोठा ट्विस्ट आहे. बिशाचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता.

हे वेडेपणाचं वाटेल, पण त्याला कारण होतं. तेव्हाच्या भिंगांमधून बघितलं की वस्तूभोवती रंगीत कडा दिसायच्या, आकार फाटायचे. दोन माणसांनी एकच गोष्ट पाहिली तरी दोघांना वेगवेगळं दिसायचं. हा दोष बऱ्यापैकी दूर झाला तो १८३० च्या सुमारास, जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्या भिंगांमुळे. तोवर बिशाला जाऊन जवळपास तीन दशकं होत आली होती.

मग त्याने काय केलं? आपल्याकडे सिल्कची साडी खरी की खोटी हे कसं ओळखतात आठवा. एक धागा काढायचा आणि पेटवायचा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सुती, आणि वितळून कडक गोळी झाली तर नायलॉनची फसवणूक. धागा डोळ्यांनी ओळखू येत नसेल तर त्याला त्रास देऊन बघायचा आणि तो कसा वागतो ते पाहायचं.

बिशाने शरीरासोबत नेमकं हेच केलं. प्रत्येक भाग त्याने उकळला, वाळवला, पाण्यात दिवसेंदिवस भिजत ठेवला, सडू दिला, आम्लात टाकला, अल्कलीत टाकला. आणि लिहून ठेवलं की कोण किती वेळात कसा बदलतो.

स्नायूबंध पाण्यात टाकला तर बराच काळ तग धरतो. काही पातळ आवरणं मात्र पटकन सुटून येतात. ज्यांनी घरी मटणाचा पाया शिजवलाय त्यांना यातलं अर्धं विज्ञान माहीत आहे. मांस लवकर शिजतं, पण सांध्याजवळचं पांढरं चिवट तासन्‌तास तसंच राहतं, आणि मग विरघळून सूप बोटांना चिकटेल इतकं दाट होतं. दोन्ही एकाच पायाचे तुकडे, पण उकळत्या पाण्यात वागणं वेगळं. म्हणजे कापड वेगळं.

असं करत त्याने यादी केली २१ ऊतींची. त्यातल्या सात सगळीकडे पसरलेल्या, जसं की नसा, रोहिण्या, शिरा. बाकीच्या ठरावीक ठिकाणच्या, जसं की हाड, कूर्चा, स्नायू, ग्रंथी, त्वचा, केस. १८०० मध्ये आवरणांवरचं पुस्तक आलं, त्याच वर्षी जीवन आणि मृत्यू यांवरचं, आणि १८०१ मध्ये त्याचा सगळ्यात मोठा ग्रंथ ‘सामान्य शरीररचना’, चार खंडांचा. तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

यादीतलं पहिलं नाव आणि गर्भातला चिकट गर

या २१ जणांच्या यादीत पहिल्या नंबरवर होती एक अगदी साधी दिसणारी ऊती. बिशा तिला ‘सेल्युलर’ ऊती म्हणायचा. इथे गोंधळ होऊ देऊ नका. सेल म्हणजे आपण शाळेत शिकतो ती पेशी नव्हे. सगळे सजीव पेशींचे बनलेत हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला १८३८-३९ मध्ये. बिशाच्या लेखी ‘सेल’ म्हणजे छोटे छोटे कप्पे. स्नायूंच्या मधे, कातडीच्या खाली, अवयवांच्या फटींमध्ये जे पांढुरकं, जाळीदार, ओढलं की ताणलं जाणारं असतं, ते. चिकनची साल ओढताना मांसापासून सुटताना जी पातळ पांढरी जाळी दिसते, तीच. चरबीचा विचारही बिशाने याच ऊतीसोबत केला. गालातल्या गोळ्याचं कोडं त्यामुळेच सुटलं. आज आपण या सगळ्याला संयोजी ऊती म्हणतो, म्हणजे जोडणारी.

बिशाची एक सवय फार चांगली होती. कुठल्याही ऊतीचं वर्णन करताना तो फक्त मोठ्या माणसाचं शरीर बघून थांबत नसे. गर्भात ती कशी असते, बाळपणी कशी, म्हातारपणी कशी, हेही लिहायचा. आणि गर्भात पाहिलं तर ही जोडणारी ऊती वेगळीच दिसत होती. मऊ, ओलसर, गरासारखी चिकट. आणि मोठ्यांच्या मानाने तिचं प्रमाणही खूप जास्त.

इथपर्यंत डोळ्यांनी आणि बोटांनी जाता येत होतं. याच्या पुढे नाही. त्या गरात काय आहे, हे बघायला त्याने नाकारलेलं तेच यंत्र लागणार होतं.

मग त्या गरात होतं काय? आज आपल्याला माहीत आहे. गर्भातल्या संयोजी ऊतीचे दोन प्रकार मानतात.

पहिला आहे मेझेन्काइम. हे नाव १८८१ मध्ये ऑस्कार आणि रिचर्ड हर्टविग या जर्मन भावांनी रूढ केलं. यात पेशी चांदणीसारख्या दिसतात, चारी बाजूंना हात पसरलेल्या, आणि त्या हातांनी एकमेकींना टेकलेल्या. मधली सगळी जागा पातळ गराने भरलेली. तंतू अगदी थोडे आणि बारीक. पुढे याच पेशींपासून हाड, कूर्चा, चरबी, बरेचसे स्नायू, रक्तवाहिन्या असं बरंच काही घडतं.

दुसरा आहे श्लेष्मल ऊती. तिचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे बाळाची नाळ. नाळेत दोन रोहिण्या आणि एक शीर असते, आणि त्यांच्याभोवती जेलीसारखा गर. त्यामुळे नाळ पिळली गेली, दबली, तरी आतल्या वाहिन्या सहजासहजी बंद पडत नाहीत. इंग्रज डॉक्टर थॉमस व्हार्टन यांनी १६५६ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती व्हार्टनची जेली. पण ही एक स्वतंत्र प्रकारची ऊती आहे हे नीट मांडलं ते रुडॉल्फ फिरखो यांनी, १९ व्या शतकाच्या मध्यावर.

मग बाकीच्या ऊतींपासून ही वेगळी कशी काढायची?

बिशाच्या २१ च्या जागी आज आपण चारच मूळ गट शिकतो. अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. आज स्लाइड समोर ठेवली तर साधारण असे प्रश्न विचारतात.

पेशी एकमेकींना खेटून, फरशीसारख्या बसल्यात का? खाली एक पातळ पाया आहे का? मग ती अभिस्तर ऊती. गर्भातल्या संयोजी ऊतीत याच्या उलट, पेशी कमी आणि मोकळी जागा जास्त.

पेशी लांबट, एका दिशेने मांडलेल्या, आकुंचन पावणाऱ्या धाग्यांनी भरलेल्या आहेत? मग स्नायू. मोठी पेशी, तिच्यातून निघालेली लांबच लांब शेपटी, आजूबाजूला मदतनीस पेशी? मग चेता.

खरी अडचण येते ती संयोजी ऊतींच्या स्वतःच्या कुटुंबात. तिथे बघायचं मधल्या जागेत काय भरलंय ते. जाड तंतूंचे जुडगे असतील तर ती मोठ्या माणसाची घट्ट ऊती. तंतू सैलसर, आणि पेशी पाच-सहा प्रकारच्या असतील तर सैल संयोजी ऊती. पेशी छोट्या खड्ड्यांत बसल्या असतील तर कूर्चा. मोठमोठ्या रिकाम्या गोलांसारख्या पेशी असतील तर चरबी. आणि तंतू नावापुरते, गर भरपूर, पेशी चांदणीसारख्या किंवा चातीसारख्या असतील, तर ती गर्भातली ऊती.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. अभिस्तर ऊतीतून उठणाऱ्या कर्करोगाला कार्सिनोमा म्हणतात, संयोजी ऊतीतून उठणाऱ्याला सार्कोमा. दोन्हींचे उपचार वेगळे. काही गाठी तर गर्भातल्या श्लेष्मल ऊतीसारख्याच दिसतात, त्यांना मिक्सोमा म्हणतात. मोठ्या माणसाच्या शरीरात नाळेसारखा गर दिसला, की पॅथॉलॉजिस्ट थांबून पुन्हा बघतो. गाठ कुठल्या अवयवात आहे हे कळलं तरी पुरत नाही, ती कुठल्या कापडाची आहे हे कळावं लागतं. हा बिशाचाच आग्रह.

सहा महिन्यांत ६०० देह

आता या कामाची दुसरी बाजू.

बिशा शिकवायला लागला १७९७ मध्ये. त्या वर्षी त्याला खोकल्यातून रक्त पडलं. बरा झाला आणि पुन्हा त्याच वेगाने कामाला लागला. १८०० च्या सुमारास तो ओतेल-दिय रुग्णालयात डॉक्टर म्हणून नेमला गेला. आणि असं नोंदलेलं आहे की सहा महिन्यांच्या आत त्याने ६०० हून जास्त शवविच्छेदनं केली. म्हणजे रोज तीन-चार. रबरी हातमोजे नाहीत, थंड खोली नाही, जंतू ही कल्पनाच नाही.

हे ६०० लोक कोण होते? ओतेल-दिय हे गरिबांचं रुग्णालय होतं. ज्याच्याकडे पैसे असत तो डॉक्टरला घरी बोलवी. ज्याच्याकडे काहीच नसे तो इथे येई, आणि वारला की त्याच्या देहावर हक्क सांगणारं बऱ्याचदा कुणी नसे. क्रांतीनंतर पॅरिसच्या रुग्णालयांमध्ये डॉक्टरांना पेशंट आणि मृतदेह दोन्ही मोठ्या संख्येने मिळू लागले, आणि आधुनिक वैद्यकाचा पाया त्यातून घातला गेला. एका हिवाळ्यात तर बिशाला गिलोटिनवर मारलेल्यांच्या देहांवर प्रयोग करायची सरकारी परवानगीही मिळाली होती. हृदय, फुप्फुस आणि मेंदू यांतलं आधी काय थांबलं की बाकीचं कसं थांबतं, हे तो शोधत होता. त्यासाठी त्याने जिवंत प्राण्यांवरही कितीतरी प्रयोग केले.

त्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. आज देहदान करताना आपण फॉर्म भरतो, घरच्यांची सही घेतो. तेव्हा गरिबी हीच संमती धरली जायची. बिशा महान होताच. पण त्याच्या २१ ऊतींच्या यादीमागे शेकडो बिननावाची माणसं आहेत, हे लिहिल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

८ जुलै १८०२

उन्हाळा होता. बिशा कातडीचे तुकडे पाण्यात कुजायला ठेवून त्यांचं निरीक्षण करत होता. वास असा की बाकीचे लोक खोलीबाहेर निघून जात. ८ जुलैला काम आटपून तो ओतेल-दियच्या जिन्यावरून उतरत होता. त्याला भोवळ आली, तो पडला आणि बेशुद्ध झाला.

त्याला घरी आणलं. देसोंच्या पत्नीच्या घरी. डोकं ठणकत राहिलं, ताप चढत गेला. त्याच्या विद्यार्थ्यांनी आणि मित्रांनी उपचार केले, देसोंच्या पत्नीने सेवा केली. सात वर्षांपूर्वी त्या घरातून एक जण गेला होता. २२ जुलै १८०२ ला दुसराही गेला. वय ३० वर्षं, आठ महिने.

नेपोलियनचे डॉक्टर कोर्विझार यांनी नेपोलियनला पत्र लिहून कळवलं की इतक्या कमी वयात इतकं काम केलेला दुसरा माणूस नाही. नेपोलियन तेव्हा फ्रान्सचा पहिला कॉन्सुल होता. त्याने हुकूम दिला की ओतेल-दियमध्ये देसो आणि बिशा, गुरू आणि शिष्य, दोघांचं एकत्र स्मारक उभारा. शरीररचनेवरचा बिशाचा अजून एक पाच खंडांचा ग्रंथ अर्धवट राहिला होता. गुरूचं काम जसं त्याने पूर्ण केलं, तसं त्याचं काम ब्युइसाँ आणि रू या त्याच्या माणसांनी पूर्ण केलं.

१८४५ मध्ये त्याचे अवशेष पेर लाशेज या प्रसिद्ध दफनभूमीत हलवायचं ठरलं. कबर उघडली तर सांगाड्याला कवटीच नव्हती. ती होती त्याच रू यांच्याकडे. शिष्याने इतकी वर्षं ती जपून ठेवली होती. मग त्यांनी ती परत केली आणि बिशाला पूर्ण पुरलं गेलं. ज्याने शेकडो देह उघडले, त्याच्या स्वतःच्या देहाच्या वाट्यालाही हे आलं.

तो कुठे चुकला?

बिशा सगळीकडे बरोबर नव्हता. जिवंत शरीरात एक वेगळीच जीवनशक्ती काम करते, जी मृत्यूशी सतत झगडत असते, असं त्याचं मत होतं. पुढच्या पिढ्यांनी ते मागे टाकलं. त्याच्या २१ पैकी काही ऊती पुढे टिकल्या नाहीत. ऊती म्हणजे शेवटचा टप्पा, त्याखाली जायची गरज नाही, ही त्याची समजूत पेशींच्या शोधाने मोडली. १८५८ मध्ये फिरखो यांनी आजाराचा पत्ता ऊतीवरून पेशीवर नेला.

पण क्रम बघा. आधी अवयव, मग ऊती, मग पेशी. मधली पायरी नसती तर मायक्रोस्कोप हातात येऊनही काय शोधायचं हे कळलं नसतं. इंग्रज कादंबरीकार जॉर्ज एलियट यांच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीत लिडगेट नावाचा एक तरुण डॉक्टर आहे. बिशा त्याचा आदर्श. बिशाच्या सगळ्या ऊतींच्या मागे एकच मूळ ऊती असेल का, हा प्रश्न त्याला झपाटून टाकतो. कथेतला डॉक्टर ते शोधू शकत नाही. खऱ्या जगातही सगळ्या ऊतींची एकच आई सापडली नाही. पण जोडणाऱ्या ऊतींच्या मोठ्या कुटुंबापुरतं उत्तर सापडलं, आणि ते होतं गर्भातल्या त्याच चिकट गरात, जो बिशाने बोटांनी चाचपला होता.

पॅरिसला गेलात तर

आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्याखाली चारी बाजूंनी सोनेरी अक्षरांत ७२ नावं कोरलेली आहेत. फ्रान्सच्या शास्त्रज्ञांची, इंजिनिअरांची. बहुतेक लोक त्यांच्याखाली उभं राहून सेल्फी काढतात आणि जातात. त्या ७२ मध्ये एक नाव बिशाचं आहे. पॅरिसमध्ये त्याच्या नावाचं मोठं रुग्णालयही आहे.

पण खरं स्मारक याहून साधं आहे. पुढच्या वेळी घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर कुठल्या ऊतीचा नमुना घेतला ते लिहिलेलं दिसेल, किंवा बाळाची नाळ कापताना तिच्यातला तो पांढरट गर दिसेल, तेव्हा आठवा. एका पोराने, हातात धड भिंगही नसताना, फक्त बघून, चाचपून, उकळून आणि वास सोसून हे वेगळं करायला शिकवलं होतं. आणि ज्यांच्यावर तो शिकला, त्या ६०० जणांचं नाव कुठल्याच टॉवरवर नाही. त्यांचीही आठवण असू द्या.